कारखान्याची हुरडा पार्टी: माणसं खरोखर जवळ यावीत म्हणून ती कशी आखावी

डिसेंबर संपत आला की सोलापुरातल्या कारखान्यांत आणि ऑफिसांत हुरडा पार्टीचं बोलणं निघतं. शेत ठरतं, बस ठरते, जेवण होतं, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी पाहावं तर शिलाईवाले शिलाईवाल्यांबरोबरच डबा खातात, पॅकिंगच्या बाया वेगळ्या बसतात आणि ऑफिसची मंडळी आपल्या केबिनमध्ये. खर्च झाला, एक दिवस गेला, ओळख होती तेवढीच राहिली. याचं कारण सहलीच्या आखणीत असतं. सगळ्यांना एका शेतात नेलं तरी प्रत्येक जण आपल्या ओळखीच्या घोळक्यातच बसतो.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या शिबिरात हे बारकाईने पाहिलं. मुलांचे दोन गट होते आणि त्यांच्यात स्पर्धा लावल्यावर वैर वाढलं. मग त्यांना एकत्र जेवायला, एकत्र सिनेमा पाहायला बसवलं. भांडणं थांबली नाहीत, उलट जेवणातले पदार्थ एकमेकांवर फेकले गेले. शिबिराचं पाणी बंद पडलं, सामानाची गाडी अडली, आणि दोन्ही गटांनी हात लावल्याशिवाय काम होणार नाही अशी वेळ आली, तेव्हा कुठे फरक पडू लागला. म्हणून खालच्या सगळ्या आखणीत एकच धोरण आहे: लोकांना पाहुणे करायचं नाही, त्यांच्या हाताला एकमेकांवर अवलंबून असलेलं काम द्यायचं. हुरडा त्यासाठी फार चांगला, कारण तो भाजणारा, चोळणारा आणि पाखडणारा असे तिघे असल्याशिवाय ताटात येत नाही.

हिशेबासाठी युनिफॉर्म शिवणारं साठ माणसांचं युनिट धरलं आहे. शिलाईवर २५, कटिंगला १०, चेकिंग-पॅकिंगला १०, ऑफिसात ५, सुपरवायझर ५, आणि वॉचमन, हमाल, सफाईवाले मिळून ५. टॉवेलच्या कारखान्याला किंवा एखाद्या पतसंस्थेला आकडे बदलून हीच पद्धत चालेल.

पगार आधी, पार्टी नंतर

मागच्या महिन्याचा पगार थकला असेल, दिवाळीच्या बोनसवरून नाराजी असेल, तर पार्टी पुढे ढकलावी. थकलेल्या पगारात दिलेलं जेवण लोकांना बोचतं, आणि त्यांचं बरोबर असतं. लोकांकडून वर्गणीही काढू नये. शंभर रुपयेसुद्धा नकोत, कारण ज्याला ते जड जातात तो कारण सांगत नाही, त्या दिवशी गैरहजर राहतो.

दुसरी गोष्ट सोलापुरात हमखास विसरली जाते. आपल्याकडे पुष्कळ टेलर आणि यंत्रमाग कामगार तुकड्यावर काम करतात. मशीन बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. ऑफिसच्या लोकांना पगारी सहल आणि टेलरला बिनपगारी सुट्टी, अशी पार्टी फूट वाढवते. अशा तुकड्यावरच्या प्रत्येकाची मागच्या २६ हजर दिवसांची सरासरी काढावी आणि तेवढी रक्कम त्या दिवसाची मजुरी म्हणून द्यावी. हे आमंत्रणाच्या कागदावरच लिहावं. लिहिलेलं नसेल तर कोणी विचारणार नाही, आणि येणारही नाही.

सहल सुट्टीच्या दिवशी ठेवू नये. आठवड्यातली एकमेव सुट्टी बाईमाणसाला कपडे, दळण, बाजार यासाठी हवी असते. कामाचा पूर्ण दिवस द्यावा, तोही एकाच वेळी सगळ्यांना. दोन पाळ्या असतील तर दोन वेगळ्या सहली काढण्याचा मोह होतो, पण मग दिवसपाळी आणि रातपाळी एकमेकांना कधीच भेटत नाहीत. डाइंग असलेल्या कारखान्यात रंगाची बॅच मध्येच सोडता येत नाही, म्हणून आदल्या रात्रीपर्यंत संपेल अशीच बॅच लावावी. रात्री काम केलेल्यांना सकाळी थेट बसमध्ये बसवू नये. आदल्या दिवशीची रातपाळी रद्द करावी.

आणि यादी पगारपत्रकावरून करू नये, गेटमधून आत येणाऱ्या माणसांवरून करावी. ठेकेदाराचे हमाल, वॉचमन, सफाईच्या मावशी, चहावाला पोऱ्या या सगळ्यांची नावं त्यात हवीत. राखणीला कोणी तरी थांबावंच लागतं. त्यासाठी एका दिवसापुरता बाहेरचा माणूस ठेवावा.

तारीख

रब्बी ज्वारी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते आणि दाणा हुरड्याला येतो तो डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. पण एकाच शेतातला हुरडा जेमतेम आठ-दहा दिवस चांगला राहतो. दाणा नखाने दाबला की दाट दूध यावं. पाणी आलं तर अजून कोवळा आहे, भाजला की आक्रसतो. पिठूळ लागला तर दिवस उलटले, चावायला जड जाईल. शेतकऱ्याला पेरणीची तारीख विचारावी आणि ठरलेल्या दिवसाच्या चार दिवस आधी कोणीतरी जाऊन दाणा दाबून यावं.

संक्रांतीचा आठवडा सोडावा. सिद्धरामेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा यात निम्मा कारखाना असतो आणि घरोघरी पाहुणे असतात. डिसेंबरचा शेवटचा आठवडा किंवा २० जानेवारीनंतरचे दिवस बरे. एकादशी पाहावी. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार हे अनेकांचे उपवासाचे वार, त्यामुळे बुधवार सोयीचा. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होतो, म्हणजे त्या वर्षी फेब्रुवारीवर विसंबू नये.

कोण ठरवणार

सहा जणांची समिती पुरते, पण त्यात ऑफिसचा एकच माणूस असावा. शिलाई, कटिंग, पॅकिंग यांतून एकेक, हमाल-वॉचमन यांच्यातून एक आणि कोणत्याही विभागातला एक नवखा. सहांपैकी किमान तिघी बाया. मालकाने एकरकमी आकडा सांगून बाजूला व्हावं. त्या पैशातून बस किती, जेवण काय, हे समिती ठरवेल आणि हिशेब सूचनाफलकावर लावेल. साधारण निम्मी रक्कम हुरडा आणि जेवणावर, पाव भाग गाड्यांवर, उरलेल्यातून शेताचं भाडं, मांडव, पाणी, आणि दहावा भाग हाताशी राखून ठेवावा. पैसे कमी पडत असतील तर अंतर कमी करावं, माणसं कमी करू नयेत.

आमंत्रण दहा दिवस आधी, तोंडी आणि लेखी. सोलापूरच्या पुष्कळ कारखान्यांत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू-हिंदी बोलणारे एकत्र असतात. मराठी कागदावर सगळ्यांना सगळं समजतं असं धरून चालू नये. प्रत्येक भाषेतल्या एकाने आपल्या लोकांना समजावून सांगावं: मजुरी मिळणार, किती वाजता परत, जेवण शाकाहारी, दारू नाही. त्याच वेळी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. काय खात नाही, शेंगदाण्याचा किंवा आणखी कशाचा त्रास होतो का, आणि दम्याचा त्रास आहे का. तिसरा प्रश्न धुरासाठी. सुताच्या धुळीत वर्षानुवर्षं काम केलेल्यांत दम लागणारे असतात.

शेत बघायला जाताना

मोहोळ, मंगळवेढा, बार्शी, अक्कलकोट, कोणत्याही रस्त्याला शेत मिळतं. मंगळवेढ्याची ज्वारी भौगोलिक मानांकन मिळालेली, तरीही शहरापासून तीस किलोमीटरच्या आतलं शेत घ्यावं. बसमध्ये गेलेला तास परत मिळत नाही आणि बायांना अंधारापूर्वी घरी पोचायचं असतं. हुरड्यासाठी मुद्दाम लावलेली ज्वारी आहे का ते विचारावं. गूळभेंडी, कुचकुची, सुरती किंवा राहुरी विद्यापीठाची फुले मधुर हे वाण गोड असतात आणि दाणा बोंडातून सहज सुटतो. मालदांडी भाकरीला उत्तम, पण हुरड्याला तितकी सुटसुटीत नाही.

जागा पाहताना आधी संडास पाहावेत. तीस बाया असतील तर त्यांच्यासाठी किमान तीन, आतून कडी लागणारे, आत पाणी आणि कचऱ्याचा झाकणाचा डबा असलेले. हे नसेल तर बाया दिवसभर पाणी पीत नाहीत आणि दुपारी डोकं दुखतं म्हणून बसून राहतात. बाकी शेत कितीही सुंदर असलं तरी नको.

मग वर पाहावं. झाडावर आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला आगटी, म्हणजे हुरडा भाजायचा गोवऱ्यांचा खड्डा, पेटवायची नाही. धुराने माश्या उठल्या की पळापळ होते आणि माणूस दवाखान्यात जातो. अशा शेताला सरळ नकार द्यावा. कडब्याची गंज आगटीपासून शंभर फूट तरी लांब हवी आणि वाऱ्याच्या दिशेला नको. विहिरीला कठडा नसेल तर दोरी बांधून घ्यावी. जानेवारीतही दुपारी ऊन टोचतं, म्हणून साठ जण बसतील एवढी सावली हवी. जवळचा दवाखाना किती लांब आहे आणि मोबाइलला रेंज आहे का, हे तिथेच उभं राहून तपासावं.

सामान

ड्रायव्हर आणि मदतनीस धरून ६५ ताटं धरू. नंतर जेवण आहे, म्हणून माणशी चार कणसं पुरतात. ६५ जणांची २६०, त्यावर किडकी-निबर जातील ती धरून ३०० सांगावीत. कणसं त्याच सकाळी कापलेली हवीत. आदल्या दिवशीच्या कणसाचा गोडवा कमी होतो आणि दाणा सुटताना फुटतो.

गोवऱ्या दीडशे ते पावणेदोनशे. शेंगदाण्याची चटणी अडीच किलो, जवसाची एक किलो, वेगळ्या भांड्यात आणि वेगळ्या चमच्यासह. दही सात लिटर, गूळ दीड किलो, ताक पंधरा लिटर. पिण्याचं पाणी माणशी दोन लिटर, म्हणजे वीस लिटरचे सात जार. जेवणाला माणशी दोन भाकरी, वांग्याची भाजी, पिठलं, मसालेभात आणि गव्हाची हुग्गी. कांदा-लसूण न खाणाऱ्यांचं पिठलं आधी काढून ठेवावं. भाकरी करणाऱ्या बाया गावातल्या ठरवाव्यात आणि त्यांना रोख द्यावेत. आपल्याच कामगार बायांना चुलीपाशी बसवलं तर त्यांची सहल झाली कुठे?

चोळण्यासाठी जुनं, धुतलेलं, रंग न जाणारं सुती कापड. टॉवेलच्या कारखान्यात साहजिकच टॉवेल पुढे येतात, पण टेरीच्या फासांत कुसं अडकतात आणि निघत नाहीत. सपाट विणीचीच चादर घ्यावी. दहा सुपं, पाच चिमटे, भाजल्यावर लावायचं मलम, पाण्याचे दोन मोठे पिंप आणि वाळूच्या चार बादल्या. घाईत वाळूच नेमकी राहून जाते.

आगटीभोवतीचे बारा जण

सगळी मेहनत इथे फळाला येते, म्हणून याची आखणी आदल्या आठवड्यात बसून करावी. पाच आगट्या, प्रत्येकीभोवती बारा जण. प्रत्येक गटात शिलाईचे पाच, कटिंगचे दोन, पॅकिंगचे दोन, ऑफिसचा एक, सुपरवायझर एक आणि हमाल-वॉचमन-सफाई यांतला एक. चिठ्ठ्या टाकून गट पाडू नयेत. चिठ्ठीने सात टेलर एकत्र आले की झालं. काही नियम पाळावेत. प्रत्येकाला गटात एक तरी ओळखीचा चेहरा असावा. कोणत्याही गटात तीनपेक्षा कमी बाया नकोत. सुपरवायझर स्वतःच्या लाइनच्या टेलरांबरोबर नको, कारण तो असला की ते गप्प होतात. ज्या दोघांत अलीकडेच जोराचं वाजलं आहे त्यांना त्या दिवशी मुद्दाम एकत्र बसवू नये. दम्याच्या माणसाची जागा वारा पाठीकडून येईल अशी.

गटाचा आकडा बसमध्येच हातात द्यावा आणि बसही गटानुसार भरावी. एक ४० सीटची आणि एक ३० सीटची बस घेतली तर तीन गट मोठीत, दोन गट छोटीत.

खड्डा दीड-दोन फूट रुंद, पाऊण फूट खोल. गोवऱ्या रचून ३०-४० मिनिटं आधी पेटवाव्यात, जाळ बसून निखारे झाल्यावरच कणसं खुपसायची. जाळावर भाजलेलं कणीस बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. नवशिक्यांचं हेच चुकतं. निखाऱ्यात तीन ते पाच मिनिटं, फिरवत फिरवत. दाण्याचा रंग उतरला, खरपूस वास सुटला की बाहेर. लगेच कापडात धरून चोळायचं, कारण थंड झालं की दाणा बोंडाला धरून बसतो. मग सुपात घेऊन कुसं पाखडायची.

बारा जणांत दोघे भाजायला, चौघे चोळायला, दोघे पाखडायला, दोघे वाढायला, दोघे गोवऱ्या आणि पाण्याकडे. दर वीस-पंचवीस मिनिटांनी कामं बदलायची. आणि एक नियम सुरुवातीलाच सांगायचा: आपल्या आगटीचं पहिलं ताट शेजारच्या आगटीला द्यायचं. त्यामुळे पाचही गट एकमेकांची वाट पाहतात, एकमेकांना हाका मारतात आणि गटागटांत चढाओढ लागत नाही.

इथे एक फार मोलाची गोष्ट घडते. कारखान्यात ज्याला रोज कोणीतरी काम सांगत असतं तो हेल्पर खेड्यातून आलेला असतो. त्याला निखारा कळतो. सूप कसं धरायचं हे पॅकिंगच्या अक्कांना येतं, अकाउंटंटला येत नाही. शिकवणारा आणि शिकणारा यांची जागा दोन तासांसाठी बदलते. समितीने हे आधी हेरून प्रत्येक आगटीला जाणकार माणूस राहील असं पाहावं आणि सुरुवातीची सूत्रं त्याच्या हाती द्यावीत. मालकांनी आणि मॅनेजरनेही एकेका आगटीवर चोळायला बसावं. त्यांच्यासाठी वेगळ्या खुर्च्या मांडल्या की दिवसभराची मेहनत वाया जाते. भाषण हवंच असेल तर पाच मिनिटं, जेवणाआधी, आणि त्यात उत्पादनाचे आकडे नकोत.

दिवसाचं वेळापत्रक

साडेआठला बस. चढण्याची ठिकाणं लोकांच्या घराजवळची: अशोक चौक, सात रस्ता, आसरा चौक. पावणेदहाला पोचून चहा, साडेदहा ते साडेबारा हुरडा, मग तासभर खेळ किंवा शेतात फिरणं, दीड वाजता जेवण. हुरडा पोटाला जड. मधला तास वगळला तर अर्धं जेवण उरतं. चार वाजता परतीची बस, सव्वापाचपर्यंत सगळे घरी.

खेळ कमी ठेवावेत. क्रिकेट ठेवलं की पंधरा तरुण पोरं खेळतात आणि बाकी पंचेचाळीस जण बसून राहतात. लगोरी, मिश्र गटांची रस्सीखेच, जेवणानंतर भेंड्या. भेंड्यांत तेलुगू, कन्नड, हिंदी गाणी चालतील हे आधीच जाहीर करावं. नाही तर निम्मे लोक गप्प बसतात. कोणाला पुढे ओढून नाचायला लावणं, नकला करायला लावणं हे पूर्ण बंद. वर्षातल्या उत्तम कामगाराचं बक्षीसही या दिवशी देऊ नये. एक जण खूश होतो आणि बाकीचे हिशेब करत बसतात.

लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा (२०१३) कामानिमित्त नेलेली जागा आणि मालकाने दिलेलं वाहन यांनाही लागू होतो. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असावी लागते. तिची एक सदस्य प्रत्येक बसमध्ये हवी आणि तिचा नंबर सगळ्यांकडे. बायांचे फोटो विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नयेत.

परतल्यावर

एका दिवसाची ऊब फार दिवस टिकत नाही. ती पुढे न्यायची तर रोजच्या जेवणाकडे वळावं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराची अग्निशमन ठाणी पाहिली होती. जे जवान एकत्र जेवतात त्यांचं एकत्रित कामही चांगलं असतं, असा संबंध त्यात दिसला. तिथे बाजार, स्वयंपाक, भांडी हे सगळं जवान मिळून करतात. आपल्याकडे रोज स्वयंपाक शक्य नाही, पण आठवड्यातून एक दिवस आगटीचेच गट डब्याला एकत्र बसवता येतात. त्या दिवशी जेवणाची सुट्टी पंधरा मिनिटांनी वाढवावी, ताक आणि चटणी कारखान्याची. ते मांडणं, वाढणं, आवरणं गटाने आळीपाळीने करावं. तीन महिन्यांनी गट बदलावेत. सुट्टी न वाढवता हे केलं तर लोक डबा घाईने संपवून उठतात आणि महिन्याभरात प्रथा मोडते.

सहल कशी वाटली असं विचारू नये, सगळे छान म्हणतात. सहलीच्या आधी आणि महिन्यानंतर, नाव न लिहिता, दोनच प्रश्न चिठ्ठीवर घ्यावेत: दुसऱ्या विभागातल्या किती जणांची नावं माहीत आहेत, आणि काम अडलं तर तिथल्या कोणाला थेट जाऊन सांगाल. लिहिता न येणाऱ्यांच्या चिठ्ठ्या समितीतल्या कोणीतरी विचारून भराव्यात, सुपरवायझरने नव्हे. आकडा हलला नाही तर गटांची रचना तपासावी. बहुतेक वेळा बसमध्ये किंवा आगटीवर लोकांनी जागा बदलून घेतलेल्या असतात. कोण आलं नाही त्यांची यादी काढून प्रत्येकाला कारण विचारावं, तेही समितीतल्या माणसाने. मजुरी, घरचं लहान मूल, खाणं की कोणाशी वाकडं, यातलं जे निघेल ते वहीत लिहून ठेवावं आणि पुढच्या सप्टेंबरात, शेतकरी पेरणीला लागण्याआधी, शेत ठरवताना ती वही उघडावी.